रिपोर्ट आलाय? आधी ती एक ओळ वाचा

ताई, डाऊन सिंड्रोमच्या शंकेने केलेल्या बाळाच्या कॅरिओटाइपचा, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीचा, रिपोर्ट आलाय ना, मग आधी गुगल बंद करा आणि त्यातली एकच ओळ शोधा. '४७, एक्सएक्स, +२१' (मुलगा असेल तर एक्सवाय) असं असेल तर एकविसावं गुणसूत्र दोनाऐवजी तीनदा आलंय. डाऊन सिंड्रोमच्या साधारण ९५ टक्के मुलांत हेच असतं. बहुतेक वेळा बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांची जोडी सुटली नाही, एवढंच. ग्रहण, पपई, कुणाची नजर, काही संबंध नाही. घरातल्या मोठ्यांनाही हे स्पष्ट सांगून टाका, नाहीतर बोल तुम्हालाच लागतो.

पण आकडा ४६ असेल आणि पुढे 'डीईआर' किंवा 'आरओबी' दिसलं, तर जादाचं २१ दुसऱ्या गुणसूत्राला, बहुधा १४ किंवा २१ला, चिकटलंय. मग तुम्हा दोघांचंही रक्त तपासून घ्या. कुणी एक वाहक निघालं, म्हणजे स्वतः ठीक पण असं चिकटलेलं गुणसूत्र असलेलं, तर पुढच्या गरोदरपणाचा हिशोबच बदलतो. आम्हाला हे दोन वर्षांनी कळलं, तेही चुकून.

हृदयाचा टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) उद्यावर टाकू नका. जवळपास निम्म्या मुलांना हृदयदोष असतो आणि तो स्टेथोस्कोपने कळेलच असं नाही. थायरॉइडची तपासणी सहाव्या महिन्यात, वर्षाला आणि पुढे दरवर्षी.

फिजिओथेरपीसाठी जिल्हा रुग्णालयातलं डीईआयसी, म्हणजे लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणारं केंद्र, विचारा, तिथे मोफत असते. तिथल्या व्यायामात आमची लेक, पालथं झोपवून छातीखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवला की, भोकाड पसरायची. तिसऱ्या आठवड्यात मात्र मान उचलून चक्क पंख्याकडे बघायला लागली.