मशीनची भीती वाटते, पण बोललो तर नोकरी जाईल

"मॅडम, माझ्यातच काहीतरी कमी आहे. बाकीचे बिनधास्त काम करतात."

माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेला बीडकडचा एकोणीस वर्षांचा मुलगा. आयटीआय फिटर. भोसरीत चौघांत एक रूम, आणि ठेकेदारामार्फत प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून सुटे भाग बनवतात तिथे) लागून दीड महिना झालेला. (तपशील बदलले आहेत, त्याच्या परवानगीनेच लिहिते आहे.) रात्री झोप नाही, शिफ्टच्या आधी पोटात गोळा, दोनदा तर गेटवरूनच परत फिरला होता. रूमवरची पोरं चिडवत. वडिलांचं फोनवर एकच पालुपद : "चार लोकांत मान खाली घालायला लावू नको."

पहिल्या दोन भेटींत मी चुकले. घर सुटलंय, नवं शहर, पहिली नोकरी, असा हिशोब मांडून त्याला श्वासाचे व्यायाम दिले, विचार लिहायला वही दिली. त्याने इमानेइतबारे सगळं केलं. फरक शून्य.

तिसऱ्या वेळी म्हटलं, "दिवसभर काय करतोस, ते हातांनी करून दाखव." माझा जेवणाचा डबा झाला डाय, म्हणजे मशीनचा साचा. डाव्या हाताने त्याने हवेतलं बटण दाबलं आणि उजवा हात सरळ डब्यात घालून जॉब, म्हणजे तयार झालेला तुकडा, बाहेर काढला.

"मशीनला एकच बटण?"

"दोन आहेत. एकाला पट्टी लावून ठेवलीये. नाहीतर काउंट, दिवसाचे ठरलेले नग, भरत नाही."

पॉवर प्रेसला दोन बटणं असतात ती उगीच नाही. दोन्ही हात बटणांवर अडकलेले असले तर डायखाली जायला हातच उरत नाही. समोर हात आला की स्ट्रोक थांबवणारा सेन्सरही इथे बायपास होता. काम शिकवलं सुपरवायझरने, दहा मिनिटांत. शिकवणाऱ्याची दोन बोटं अर्धीच होती, हे त्याने अगदी शेवटी, खाली बघत सांगितलं.

व्यायाम मी तिथेच बंद केले. त्याचं शरीर खरं तेच ओरडून सांगत होतं, आणि मी त्याला ते शांत करायला शिकवत होते!

आता प्रश्न उरला तो बोलण्याचा. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या आठ पोरांना मशीनपेक्षा साहेबाची भीती जास्त असते. म्हणून आम्ही बोलण्याचा सराव केला : मी सुपरवायझर झाले, तो तोच राहिला. "भीती वाटते" म्हटलं की समोरचा हसतो, "आम्ही वीस वर्षं केलं" म्हणतो. म्हणून ते वाक्यच काढून टाकलं. त्याऐवजी : "साहेब, दुसरं बटण आणि सेन्सर चालू करून द्या. तोवर मला दुसऱ्या कामावर लावा." हेच ठेकेदाराला व्हॉट्सॲपवरही टाकायचं, म्हणजे तारखेसकट लेखी राहतं. शक्यतो एकट्याने जायचं नाही, शेजारच्या मशीनवरच्याला सोबत घ्यायचं. आणि कोणी ऐकलंच नाही तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तक्रार करता येते.

पगाराची स्लिप मागवली. साडेचौदा हजारांतून १०९ रुपये कापलेले. त्याला वाटलं, टॅक्स. ती ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची कपात होती, ०.७५ टक्के. कामावर इजा झाली तर हे संरक्षण पहिल्या दिवसापासून लागू होतं. उपचार मोफत, आणि तात्पुरतं काम बंद पडलं तर वेतनाच्या ९० टक्के भत्ता. ज्यांची कपातच होत नाही त्यांनी ठेकेदाराला कारण विचारावं. नेमणूकपत्रही मागावं, २१ नोव्हेंबर २०२५ला लागू झालेल्या श्रम संहितांनी ते सक्तीचं केलं आहे.

वडिलांशी मी त्याच्यासमोर, स्पीकरवर बोलले. कायदा काढला नाही. विचारलं, "दादा, सोयाबीनच्या मळणीला पोराला सैल बाह्यांचा सदरा घालून मशीनजवळ उभं करता का?"

बराच वेळ आवाज नाही. मग, "न्हाई ताई. बाहीसकट हात ओढतंय ते."

"इथेही तसंच आहे."

नोकरी जाईल का, याचं खरं उत्तर "जाऊही शकते" असंच आहे, आणि ते मी त्याच्यापासून लपवलं नाही. त्याची गेली नाही. सुपरवायझर आधी अंगावर आला, मग त्याला पॅकिंगला टाकलं. ओव्हरटाइम बुडाला, महिनाभर तो माझ्यावरही थोडा फुगून होता. झोप मात्र पहिल्याच आठवड्यात आली. सेन्सर पुढे दुरुस्त झाला, पण दुसऱ्या ऑपरेटरला लागल्यावर. हे सांगताना तो रडला. मी काही बोलले नाही.

दिवाळीनंतर वडिलांचा फोन आला, तक्रारीचाच. पोराने मळणी यंत्राच्या पट्ट्यावर जाळी बसवून घ्यायला लावली, बाराशे रुपये गेले म्हणाले.