शून्य आणि रिकामी चौकट

आरोग्य केंद्राचा मासिक अहवाल हाती आला की लगेच आलेख काढायला बसू नकोस. आधी रिकाम्या चौकटी बघ. शून्य म्हणजे रुग्ण आला नाही. रिकामी चौकट म्हणजे माहितीच आली नाही. ही गल्लत झाली की औषधांची मागणी चुकते.

लसीकरण १०४ टक्के दिसलं तर खूश होऊ नकोस, बहुधा लक्ष्यसंख्याच (किती बाळांना लस द्यायची याचा अंदाज) जुनी असते. (मीही एकदा असा आकडा अभिमानाने वर पाठवलाय!) त्यापेक्षा गळती काढ, म्हणजे पहिला डोस घेऊन शेवटचा न घेतलेल्या बाळांचं प्रमाण. पेंटा या पाच रोगांवरच्या एकत्रित लसीचा पहिला डोस २०० बाळांना, तिसरा १५० बाळांना, म्हणजे गळती २५ टक्के. इथे लोकसंख्येचा अंदाज लागतच नाही. मग लस संपली होती की पुढची तारीख कुणी सांगितलीच नाही, हे साठ्याच्या नोंदीशी ताडून बघ. डीएचआयएस२ या आरोग्य-माहितीच्या संगणक प्रणालीवरचे डॅशबोर्ड सावकाश शिकशील.