माशाअल्लाह कधी, बारकल्लाह कधी

कुणाचं बाळ पाहिलं, नवं घर पाहिलं की नजर लागू नये म्हणून आपण पटकन 'माशाअल्लाह' (अल्लाहने इच्छिलं ते झालं) म्हणतो. म्हणावंच. पण कुरआनात सूरह (अध्याय) कहफच्या ३९व्या आयतीत 'माशाअल्लाह, ला कुव्वता इल्ला बिल्लाह' (अल्लाहशिवाय कुठलीच ताकद नाही) येतं ते बागेच्या मालकासाठी, स्वतःच्याच बागेत शिरताना. म्हणजे आपली भरभराट पाहताना आधी म्हणायचं, नेमकं हेच लोक विसरतात.

दुसऱ्याचं काही आवडलं तर बरकतीची दुआ द्या: 'बारकल्लाहु फीक' (अल्लाह तुला बरकत देवो), बाईला 'फीकि'. हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचन-आठवणींत) आहे, पैगंबरांचे सोबती आमिर बिन रबीआंनी दुसरे सोबती सहल बिन हुनैफांच्या कांतीचं कौतुक केलं आणि सहल कोसळले. पैगंबरांनी (स.) आमिरना विचारलं, बरकतीची दुआ का नाही दिलीस? नजर काही वैऱ्याचीच लागते असं नाही.

झोपताना इख्लास, फलक, नास या कुरआनच्या शेवटच्या तीन सूरह वाचून तळहातांवर फुंकर मारा आणि हात अंगावरून फिरवा, तीनदा. मुलांनाही लवकर सवय लागते. मीठ-मिरच्या ओवाळणं, काळी बाहुली, निळा डोळा, यांच्या नादी मात्र लागू नका, शेजारणी कितीही आग्रह करोत. आणि अरबी जिभेवर बसेपर्यंत मराठीतच 'अल्लाह बरकत देवो' म्हणालात तरी दुआच आहे ती.