दुकानातला माणूस किडनी देतो म्हणतोय, घ्यावी का?

प्रश्न: माझे मिस्टर 52 वर्षांचे आहेत, दोन वर्षं डायलिसिसवर, आठवड्यातून तीनदा. मला शुगर आहे म्हणून डॉक्टरांनी मला नाही म्हटलं, मुलगा आत्ताच 19 चा झालाय, त्याची घ्यायची आमची हिंमत नाही. आमच्या दुकानात बऱ्याच वर्षांपासून एक माणूस कामाला आहे, घरच्यासारखाच. त्याच्यावर फायनान्सचं आणि सावकाराचं कर्ज आहे. तो स्वतःहून म्हणाला मी किडनी देतो, तुम्ही माझं कर्ज फेडा. आम्ही कुणाला फसवत नाहीयोत, दोघांचंही भलं होतंय, मग यात चूक काय? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर: ताई, आधी कायद्याचं सांगून टाकते. 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार नवरा-बायको, आईवडील, मुलं, सख्खी भावंडं, आणि 2011 च्या दुरुस्तीनंतर आजीआजोबा नि नातवंडं, हे जवळचे नातेवाईक. बाकी कुणी द्यायची म्हटली तर प्रेमापोटी देतोय हे सरकारी मान्यता असलेल्या कमिटीला पटवावं लागतं. ती कमिटी दोघांच्याही तीन वर्षांच्या उत्पन्नाचे कागद बघते, जुने फोटो मागते, आणि मालक-नोकर असं दिसलं की पहिला प्रश्न पैशाचाच येतो. म्हणजे त्याला तिथे बसून 'मी पैसे घेतले नाहीत' असं शपथेवर खोटं बोलावं लागणार. पकडलं गेलं तर किमान पाच वर्षं, जास्तीत जास्त दहा वर्षं कैद आणि दंड 20 लाखांपासून एक कोटीपर्यंत. आणि हे एजंटलाच असतं असं नाही हं, देणारा आणि घेणारा दोघंही त्यात येतात.

पण तुम्ही कायदा विचारलाच नाहीये, चूक काय ते विचारलंय. भलं दोघांचं होतं हे गृहीत धरून चाललाय ना, तिथेच माझी अडचण आहे. चेन्नईत किडनी विकलेल्या 305 जणांना भेटून केलेला एक अभ्यास 2002 मध्ये छापून आला. त्यातल्या 96 टक्के लोकांनी कर्ज फेडायलाच विकली होती. सरासरी सहा वर्षांनी बघितलं तर कर्जासाठी विकलेल्यांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश लोक अजून कर्जातच होते, कुटुंबाचं उत्पन्न एक तृतीयांशाने घटलेलं, बहुतेकांची तब्येत आधीपेक्षा वाईट, आणि 79 टक्के म्हणाले दुसऱ्या कुणाला असं करायला आम्ही सांगणार नाही. का होतं असं? ज्या कारणाने कर्ज झालं ते कारण तसंच राहतं, तुटपुंजा पगार, घरातलं आजारपण, पोरीचं लग्न, आणि वर अंगमेहनतीचं काम आधीसारखं होत नाही. अजून एक भयंकर गोष्ट. तमिळनाडूत जिथे किडन्या विकल्या जायच्या तिथले सावकार पुढे किडनी हीच तारण समजून वसुलीला बसायला लागले. लांब कशाला जाताय, 2015 च्या शेवटी अकोल्यात जे रॅकेट उघड झालं त्यात सावकारीच होती, कर्ज फेडता येत नाही ना, मग किडनी दे.

कुणी म्हणेल सरकारनेच रेट ठरवून द्यावा, इराणसारखा. तिथे 1988 पासून पैसे देऊन किडनी घेणं कायदेशीर आहे, सरकारही देतं आणि पेशंटही देतो. तरी तेहरानच्या हॉस्पिटलांजवळच्या भिंतींवर लोक आपला ब्लड ग्रुप आणि मोबाईल नंबर लिहून ठेवतात, किडनी विकणे आहे. भिंतीवर नंबर लिहिणारे श्रीमंत नसतात, एवढं तुम्हालाही कळतंय.

मी एकच गोष्ट बघायला सांगेन. ऑपरेशनच्या आदल्या रात्री तो म्हणाला, 'शेठ, मला भीती वाटते, नको', तर त्याची नोकरी तशीच राहील का, दिलेली उचल कुणी मागणार नाही का? मनाशी खरं उत्तर द्या. त्याला नाही म्हणायची सोय नसेल तर त्याच्या हो ला काही अर्थ नाही, मग तो कितीही घरच्यासारखा असो. त्याला खरंच मदत करायची असेल तर पगार वाढवा, सावकाराचं कर्ज बिनव्याजी उचल देऊन मिटवा, किडनी बाजूला ठेवून.

तुमच्यासाठी रस्ता आहे. मिस्टरांची भावंडं, आईवडील यांच्याशी मोकळं बोललात का? त्यांच्यापैकी कुणी तयार असेल पण ग्रुप जुळत नसेल तर स्वॅप होतं, म्हणजे अशाच अडकलेल्या दुसऱ्या कुटुंबाशी अदलाबदल, तेही कायद्यात बसतं. आणि हॉस्पिटलमार्फत झेडटीसीसीच्या, म्हणजे मृत्यूनंतर दान झालेल्या अवयवांचं वाटप करणाऱ्या विभागीय केंद्राच्या, वेटिंग लिस्टवर नाव आजच घाला. ब्रेनडेड डोनरची किडनी तिथून मिळते, आणि प्रतीक्षेचा काळ मोजतात म्हणून जितकं लवकर तितकं बरं. थांबावं लागेल, खोटं नाही सांगत. खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत किडनी ट्रान्सप्लांट आहे, हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा.

प्रश्न: धाकट्या दिरांना किडनी लागणार आहे. माझा ग्रुप जुळतो म्हणून घरात सगळे माझ्याकडेच बघतात. मिस्टरांना बीपी आहे म्हणे. मला मुलं लहान आहेत, मला द्यायची नाहीये, पण तोंडाने म्हणता येत नाही. (नाव दिलेलं नाही)

उत्तर: वर जे दुकानातल्या माणसाबद्दल लिहिलं ते तुम्हालाही तसंच्या तसं लागू आहे. पैसे नाहीत मध्ये एवढाच फरक. आपल्याकडे जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त, हे काही आपोआप होत नाही.

वहिनी कायद्याने दिराची जवळची नातेवाईक धरत नाहीत, त्यामुळे तुमचीही केस कमिटीपुढे जाईल. त्याआधी ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला सांगा की मला एकटीला भेटायचंय, नवरा, सासू कुणी नको. तिथे सरळ नाही म्हणा. बरेच डॉक्टर मग घरच्यांना एवढंच सांगतात की या डोनर म्हणून योग्य नाहीत, कारण सांगत बसत नाहीत. सही केली असेल तरी भूल देईपर्यंत माघार घेता येते. डोनरच्या ऑपरेशनमध्ये जीव जाण्याचा धोका फार कमी आहे, दहा हजारात तीनच्या आसपास, पण कमी आहे म्हणून तो तुम्ही घ्यायलाच हवा असा नियम कुठे आहे?

आणि मिस्टरांना बीपी आहे हे तपासून कळलंय की घरातच ठरलंय, तेवढं विचारा. गोळीने आटोक्यात असलेलं बीपी असेल तर काही जणांना डोनर होता येतं. सख्खा भाऊ आहे, आधी त्यांच्या टेस्ट होऊ देत.