पृथ्वी पणाला लागली तरी तो ‘आवडतेस’ म्हणत नाही

तुम्ही विचारलंय की परग्रहवासी, अवकाशयानं, भविष्यकाळ असा सगळा जामानिमा हाताशी असताना साय-फाय अ‍ॅनिमेचे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिकांचे, चाहते त्यातल्या दोन माणसांच्या भांडणांवर आणि रुसव्याफुगव्यांवर एवढा जीव का टाकतात. मी त्यांच्यातलीच एक, म्हणून लिहिते. दोन मालिकांचे शेवट या उत्तरात आले आहेत. बघायच्या असतील तर आधी बघून या.

पहिली ‘उरुसेई यात्सुरा’. रुमिको ताकाहाशी यांची ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, १९७८ ते १९८७ चालली. तिच्यावरची जुनी मालिका १९८१ ते १९८६ ची, आणि २०२२ ते २०२४ मध्ये ती ४६ भागांत नव्याने आली. ओनी नावाच्या परग्रहवासीयांना पृथ्वी घ्यायची आहे, पण ते माणसांना एक संधी देतात. संगणकाने निवडलेल्या माणसाने त्यांच्यातल्या लम नावाच्या मुलीशी दहा दिवस पकडापकडी खेळायची. तिची शिंगं हातात आली तर पृथ्वी वाचली. निवड होते अतारू मोरोबोशीची. हा शाळकरी, कमनशिबी आणि दिसेल त्या मुलीच्या मागे लागणारा. लमला तर उडताही येतं.

ओनी म्हणजे जपानी लोककथांतला शिंगं असलेला, वाघाचं कातडं नेसणारा राक्षस. पण जपानी मुलांच्या पकडापकडीत ज्याच्यावर राज्य असतं, त्यालाही ‘ओनी’च म्हणतात. आपल्या ‘राज्य आलं’ या दोन शब्दांतून कुणी अख्खा ग्रह जिंकण्याची गोष्ट काढावी, तशी ही कल्पना आहे. फक्त इथे राज्य माणसावर आणि पळणारी ओनी.

अतारूची मैत्रीण शिनोबू त्याला म्हणते, जिंकलास तर तुझ्याशी लग्न करीन. तो जिंकतो आणि हर्षाने ओरडतो की आता लग्न करता येईल! लमला वाटतं, मागणी आपल्यालाच घातली. ती होकार देते आणि त्याच्याच घरी राहायला येते. आक्रमणाची गोष्ट तिथेच मिटते. पुढचा नऊ वर्षांचा पसारा उभा आहे तो या एका गैरसमजावर, आणि त्याहून जास्त या दोघांच्या स्वभावावर. तो कबूल करत नाही, ती हट्ट सोडत नाही, राग आला की विजेचे झटके देते. अतारूचं प्रत्येक मुलीमागे धावणं आज बघताना मला खरंच खुपतं. सुरुवातीचे काही भाग कर्कशही वाटतील. तरी थांबा, कारण शेवट विलक्षण आहे.

शेवटी पुन्हा तीच पकडापकडी, तेच दहा दिवस. या वेळी तो हरला तर लम निघून जाणार आणि पृथ्वीवरच्या कुणालाच ती आठवणार नाही. लमची अट साधी आहे: एकदा ‘तू मला आवडतेस’ म्हण, मी स्वतःहून हरते. अतारू म्हणत नाही. त्याचं म्हणणं, असं अडकवून वदवून घेतलेल्या शब्दांवर विश्वास कसा ठेवायचा? साध्या प्रेमकथेत हे आढेवेढे वाटले असते. इथे नकाराची किंमत साऱ्या जगाच्या आठवणींइतकी असताना तो ठाम राहतो, तेव्हा कळतं की या उडाणटप्पू पोराला तो शब्द किती मोलाचा वाटतो. अखेर तो धडपडतो आणि त्याच्या मुठीत जपून ठेवलेली लमची शिंगं निसटून पडतात. ती बघते आणि तिला समजायचं ते समजतं. पुढेही तो बोलत नाहीच. मरताना सांगेन म्हणतो.

माझ्या धाकट्या बहिणीला साय-फायचं अजिबात वेड नाही. तरी रोज रात्री जेवताना ती विचारायची, “बोलला का गं तो?”

मला तरी हेच कारण वाटतं. विज्ञानकथेतली अट बाहेरून येते आणि तिच्याशी वाद घालता येत नाही. त्यामुळे माणूस कसा आहे हे लपत नाही.

दुसरी ‘प्लानेतेस’, २००३-०४ ची, २६ भागांची. काळ २०७५, पात्रं अवकाशातला कचरा वेचणारे कंपनीचे नोकर. नवी आलेली तानाबे पहिल्याच भागात स्पेससूटखाली डायपर घालावा लागतो म्हणून वैतागते. वरिष्ठ हाचिमाकीशी तिचं पटत नाही; ती प्रेमाबद्दल भरभरून बोलते आणि तो चिडतो. पुढे मालिका गंभीर होत जाते, पण लग्नाची मागणी येते ती शब्दांच्या भेंड्यांमधून. या खेळाला जपानीत शिरितोरी म्हणतात. आधीच्या शब्दाच्या शेवटच्या अक्षरावरून पुढचा शब्द सांगायचा, आणि ज्याचा शब्द ‘न’ने संपला तो हरला, कारण त्या ‘न’वरून शब्दच सुरू होत नाही. हाचिमाकीला सात वर्षांसाठी गुरूच्या मोहिमेवर जायचंय. खेळता खेळता तो म्हणतो, “केक्कोन शियोऊ.” लग्न करू या. शेवटचं अक्षर आलं ‘उ’. तानाबे म्हणते, “उन.” म्हणजे हो. नियमात अगदी बसणारा शब्द, आणि ती खेळ हरते.