दिव्यांग कार्यक्रम व्यवस्थापकाच्या कामाला संवेदनशील मन पुरेसे आहे का?

आपण विचारले आहे की, एका मोठ्या संस्थेत दिव्यांग कार्यक्रम व्यवस्थापकाचे पद आपल्याला मिळण्याची शक्यता आहे, आपण स्वतः दिव्यांग नाही, पण मनाने संवेदनशील आहात, तर एवढ्या भांडवलावर हे काम निभावेल का, की आधी एखादा अभ्यासक्रम पूर्ण करावा. मी हे काम बरीच वर्षे केले आहे. संवेदनशील माणसांनी भरलेल्या इमारतीत एका अत्यंत गुणी सहकाऱ्याच्या नोकरीची माती होताना मी पाहिली आहे, त्यामुळे हा प्रश्न वाचून पुढे जाणे मला शक्य झाले नाही.

माझे मत स्पष्ट आहे. संवेदनशीलता हवीच, परंतु मुलाखतीला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक उमेदवाराकडे ती असते आणि तिच्या आधारे निवड करणे व्यर्थ आहे. या पदावरील माणसाला संस्थेचे अंदाजपत्रक वाचता आले पाहिजे. कोणता खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अंदाजपत्रकातील कोणत्या खात्यात पडतो, त्याला मंजुरी कोण देतो आणि ती मंजुरी अडली तर कोणाचे काहीच बिघडत नाही, या तीन गोष्टी ज्याला ठाऊक नाहीत त्याच्या हाती जागृती सप्ताह, भित्तिपत्रके आणि डिसेंबरच्या ३ तारखेचा जागतिक दिव्यांग दिन एवढेच उरते.

कामाचे दोन भाग आहेत : सुगम्यता आणि वाजवी सोय. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या कराराखाली जी समिती काम करते, तिने २०१४ मध्ये हा फरक नेमका मांडला आहे. सुगम्यता ही सर्वांसाठी आणि आधीपासून करायची असते. चाकाची खुर्ची वापरणारी व्यक्ती आज येवो अथवा न येवो, दाराशी उतार असलाच पाहिजे. वाजवी सोय ही मात्र एका व्यक्तीची असते आणि तिला ती गरज पडली त्या क्षणापासून देणे लागू होते. पहिला भाग बांधकाम, संगणक आणि खरेदी या विभागांशी सतत बोलून हळूहळू पुढे सरकतो. माणसे दुखावली जातात ती दुसऱ्या भागात, आणि माझा अनुभवही त्याच भागातला आहे.

आमच्या संस्थेत माहितीच्या विश्लेषणाचे काम करणारे एक सहकारी रुजू झाले. ते जन्मतः कर्णबधिर होते आणि सांकेतिक भाषा ही त्यांची पहिली भाषा होती. ओठ वाचून त्यांना सगळे कळत असेल, असा सहकाऱ्यांचा समज होता. पण प, ब आणि म ही अक्षरे ओठांवर सारखीच दिसतात, आणि दहाजण आळीपाळीने बोलत असताना नेमके कोणाच्या ओठांकडे पाहायचे, हे कळून तिकडे वळेपर्यंत वाक्य संपलेले असते. म्हणून त्यांनी विभागाच्या साप्ताहिक बैठकीसाठी सांकेतिक भाषेचे दुभाषी मागितले. बैठक लांबणारी असल्याने दोन दुभाषी ठरवले, कारण साधारण वीस मिनिटांनंतर एकट्या दुभाष्याची अचूकता घसरू लागते आणि दुसऱ्याने सूत्रे घ्यावी लागतात. बैठकीची विषयपत्रिका दुभाष्यांना आदल्या दिवशी पाठवली जाई. बोलणाऱ्याच्या शेजारी दुभाषी, समोर आमचे सहकारी आणि खिडकीकडे दुभाष्याची पाठ येणार नाही अशी बैठक व्यवस्था आम्ही ठरवून घेतली, कारण मागून उजेड आला की हात आणि चेहरा दोन्ही काळवंडतात. सुरुवातीच्या बैठका उत्तम झाल्या. त्यांनी एका अहवालातील जुनी विसंगती भर बैठकीत दाखवून दिली, आणि तिच्यामुळे त्या वर्षाचे नियोजन बदलावे लागले.

आमच्याकडे त्या वेळी नियम असा होता की, सोयीचा खर्च ज्या विभागात कर्मचारी काम करतो त्या विभागाने सोसायचा. तिमाही खर्चपत्रक आले तेव्हा त्या विभागाच्या किरकोळ खर्चाच्या लेखाशीर्षाखाली दुभाष्यांची देयके दिसली आणि तरतूद ओलांडल्याबद्दल विभागप्रमुखांकडे खुलासा मागण्यात आला. हे विभागप्रमुख वाईट गृहस्थ नव्हते. कोणाच्याही अडीअडचणीला धावून जाणारे म्हणून त्यांची ख्याती होती. त्यांनी कोणताही आदेश काढला नाही. आधी दर आठवड्याऐवजी फक्त मासिक बैठकीला दुभाषी येऊ लागले. मग मासिक बैठकही 'छोटीशीच आहे' म्हणून दुभाष्यांविना होऊ लागली. पुढे आमच्या सहकाऱ्यांना बैठकीचे निमंत्रणच जाईनासे झाले आणि त्याऐवजी इतिवृत्त ईमेलने मिळू लागले. त्यांना उगाच ताटकळत बसायला लागू नये, हे त्यामागचे कारण विभागप्रमुख मनापासून सांगत असत.

वर्षअखेरीस या सहकाऱ्यांच्या कार्यमूल्यमापन अहवालावर शेरा आला : 'काम अचूक. परंतु विभागात मिसळत नाहीत, चर्चेत पुढाकार घेत नाहीत.' तो अहवाल त्यांनी स्वतः माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि शेऱ्याखाली नखाने एक रेघ ओढली. मी लेखा विभागातून दुभाष्यांची देयके मागवली आणि बैठकांच्या हजेरीपटाशेजारी ठेवून तारखा जुळवल्या. देयके जिथे थांबली होती तिथूनच पुढे त्यांच्या नावापुढची सही नाहीशी झाली होती. ज्या चर्चेत त्यांना बसू दिले नाही त्याच चर्चेत पुढाकार न घेतल्याचा ठपका त्यांच्यावर ठेवला गेला होता, आणि याला कोणाचा दुष्टपणा नव्हे, तर एक लेखाशीर्ष कारणीभूत होते.

मी ते दोन्ही कागद घेऊन वित्तप्रमुखांकडे गेलो. त्यांच्याशी माझा जो वाद तेव्हा सुरू झाला तो ते निवृत्त होईपर्यंत मिटला नाही. त्यांचे म्हणणे असे की, माणूस ज्या विभागाचा त्या विभागाचीच जबाबदारी. खर्च मध्यवर्ती निधीतून दिला की विभागप्रमुख हात झटकतील आणि मागण्यांना धरबंध राहणार नाही. मी त्यांना विचारले की, इमारतीतील लिफ्टच्या विजेचे बिल आपण वरच्या मजल्यावरील विभागांकडून वसूल करतो का, आणि केले असते तर वरच्या मजल्यावर नेमणूक देताना विभागप्रमुखांनी माणसांचे गुडघे तपासले नसते का. त्यावर त्यांनी लिफ्ट सर्वांसाठी असते, असे उत्तर दिले. ते उत्तर मला आजही मान्य नाही. संस्थेत कोणाला केव्हा कोणती सोय लागेल हे आधी कोणालाच ठाऊक नसते. अपघात, मधुमेहाने अधू झालेली दृष्टी, पन्नाशीनंतर मंदावलेले कान, यांपैकी काहीही विभागाचे नाव विचारून येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील सुमारे १३० कोटी लोक, म्हणजे दर सहा माणसांमागे एक, लक्षणीय स्वरूपाच्या विकलांगतेसह जगत आहेत. एवढ्या मोठ्या संख्येचा भार योगायोगाने एखाद्या छोट्या विभागावर पडू द्यायचा आणि मग त्याच विभागाच्या प्रमुखाकडून उदारपणाची अपेक्षा ठेवायची, हे हिशेबाच्या दृष्टीनेही चूक आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या करारातील दुसऱ्या अनुच्छेदात, वाजवी सोय नाकारणे हा भेदभाव आहे, असे म्हटले आहे. सोयीचा भार प्रमाणाबाहेर नसावा, एवढीच मर्यादा तिथे घातली आहे. वित्तप्रमुख या मर्यादेवर बोट ठेवत आणि त्या विभागाच्या तरतुदीशी तुलना करून भार प्रमाणाबाहेर असल्याचे सांगत. करारावरील त्याच समितीने २०१८ मध्ये समानतेविषयीच्या भाष्यात हा मुद्दा निकालात काढला आहे : भार जोखताना एखाद्या शाखेची किंवा विभागाची नव्हे, तर संपूर्ण संस्थेची साधनसंपत्ती विचारात घ्यावी लागते. अमेरिकेच्या १९९० च्या दिव्यांगविषयक कायद्यातही संस्थेची एकूण आर्थिक ताकद हा निकष आहे. हे दोन्ही आधार मी वित्तप्रमुखांना दिलेल्या टिपणीत जोडले होते. मागण्यांना धरबंध राहणार नाही, या भीतीविषयी सांगायचे तर, सोयी मिळवून देण्याबाबत सल्ला देणाऱ्या अमेरिकेतील जॉब अकोमोडेशन नेटवर्कच्या पाहणीत सुमारे निम्म्या सोयींना काहीही खर्च येत नाही, असे मालकच सांगतात. कामाच्या वेळेत बदल, टेबलाची जागा, लेखी सूचना, शांत खोली असे त्यांचे स्वरूप असते.

आमच्याकडे पुढे मध्यवर्ती निधी झाला. सुरुवातीला मागण्या वाढल्या, हे मी लपवणार नाही, आणि वित्तप्रमुखांनी ती वाढ आपल्या म्हणण्याचा पुरावा म्हणून मांडली. मी त्यातील प्रत्येक अर्ज पाहिला होता. कोणी वर्षानुवर्षे स्वतःच्या पैशाने घेतलेले भिंग वापरत होते, कोणी प्रमुखांचे मन राखण्यासाठी मानेचे दुखणे सांगितलेच नव्हते. ही माणसे आधीही होती आणि त्यांचा खर्चही होता, फक्त तो ती स्वतःच्या खिशातून आणि शरीरातून भरत होती. काही काळाने मागण्यांचा ओघ स्थिरावला. आमच्या कर्णबधिर सहकाऱ्यांचा शेराही पुनर्विलोकनात काढून टाकण्यात आला, परंतु निधी मंजूर होण्याआधीच ते दुसरीकडे गेले होते. निरोपाच्या दिवशी त्या विभागप्रमुखांनी केलेले भाषण अतिशय हृद्य होते, आणि ते सांकेतिक भाषेत सांगायला तिथे कोणीही नव्हते.

म्हणून पद स्वीकारण्यापूर्वी आपण संस्थेला विचारावे की, सोयींचा खर्च कोणत्या लेखाशीर्षातून होतो आणि त्या निधीवर सही कोणाची. 'प्रत्येक विभाग आपापले पाहतो' असे उत्तर आले, तर निधी मध्यवर्ती करण्याचे काम आपल्या नेमणूकपत्रात लिहून मागावे. त्याचबरोबर अर्ज आल्यापासून किती दिवसांत निर्णय द्यायचा, याची मुदत ठरलेली आहे का, हेही विचारावे. मुदत नसेल तर नकार कोणीही देत नाही आणि सोयही कधी मिळत नाही.

आपण दिव्यांग नाही ही अडचण नाही, मात्र दिव्यांग कर्मचाऱ्यांचा सल्लागार गट नसेल तर आपण अंधारात निर्णय घ्याल. 'आमच्याविना आमच्याविषयी काहीही नको' ही जगभरच्या दिव्यांग चळवळीची मागणी आहे. या गटाला कामाच्या वेळेत वेळ द्यावा, आणि त्याचे मत खरेदीच्या आधी घ्यावे. संगणक यंत्रणा विकत घेऊन झाल्यावर ती स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालत नाही, हे कळून काहीच उपयोग नसतो.

आता काही मर्यादा सांगतो. माझा अनुभव मोठ्या संस्थेचा आहे. जिथे मोजकी माणसे काम करतात तिथे मध्यवर्ती आणि विभागीय हा भेदच उरत नाही आणि बाहेरील अनुदानाचा शोध घ्यावा लागतो. मध्यवर्ती निधीमुळे काही प्रमुख 'ते कार्यक्रमवाले बघतील' असे म्हणू लागतात, हेही खरे आहे, आणि वित्तप्रमुखांच्या म्हणण्यातील तेवढा भाग मी मान्य करतो. त्यावर आम्ही प्रमुखांच्या मूल्यमापनात सोयीची अंमलबजावणी हा मुद्दा घातला. अर्जातील वैद्यकीय तपशील प्रमुखांपर्यंत जाता कामा नये, त्यांना फक्त कोणती सोय द्यायची आहे एवढेच कळावे. आपला कार्यक्रम कर्मचाऱ्यांसाठी नसून गावोगावी साधने वाटण्याचा असेल तर प्रश्न वेगळे असतील, तरी तिथेही चाकाची खुर्ची देण्याची तरतूद असते आणि तिच्या मोजमापाची, दुरुस्तीची नसते, म्हणजे वाद शेवटी तोच होतो.

अभ्यासक्रमाविषयी : समाजकार्य, पुनर्वसन, मनुष्यबळ यांपैकी कोणतीही पदवी चालते, मी सर्व प्रकारचे लोक हे काम चांगले करताना पाहिले आहेत. प्रमाणपत्रासाठी पैसे घालण्यापूर्वी एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर उतरवून घ्यावा आणि संगणकाचा पडदा बंद ठेवून आपल्याच संस्थेचा रजेचा अर्ज भरून पाहावा. उताराचे १ : १२ हे प्रमाण लक्षात ठेवावे, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या पायरीला १.८ मीटर लांबीचा उतार लागतो, आणि मोजपट्टी घेऊन स्वतः मोजावे. वेबसाठीच्या सुगम्यतेचे निकष, ज्यांची २.२ ही आवृत्ती २०२३ मध्ये आली, ते वाचून काढावेत. आणि एखादा अभ्यासक्रम करायचाच असेल तर बिगरवित्त व्यवस्थापकांसाठी असलेला लेखा आणि अंदाजपत्रकाचा छोटा वर्ग करावा. दिव्यांगत्वाविषयीचे बाकीचे बरेचसे आपल्याला सल्लागार गट शिकवेल, परंतु वित्तप्रमुखांसमोर बसून लेखाशीर्ष बदलून घेण्याचे काम आपले आपल्यालाच करावे लागेल.