सूर-शंका: ढोल नाही, तरी एवढं वजन कुठून?

प्रश्न: मास्तर, नातवानं अमेरिकेतल्या संगीत नाटकांच्या गाण्यांची सीडी आणून दिली. गाणारं कुणी नाही, ब्रास, म्हणजे पितळी वाद्यं, वाजवणारे पाचच. ढोल-ताशा नाही, तरी आवाज भरदार. आपल्या लग्नाच्या बँडात पंधरा-वीस जण असून असं का होत नाही?
– एक वाचक, मुरारजी पेठ

उत्तर: म्हणजे आपला बँड कमी, हे आधी मनातून काढून टाका. नवी पेठेतून वरात निघाली की रिक्षांचे हॉर्न, फटाके, नाचणारी पोरं, या सगळ्यातून चाल शेवटच्या वऱ्हाड्यापर्यंत पोचली पाहिजे. म्हणून ट्रम्पेट, क्लॅरिनेट, युफोनियम सगळे मिळून एकच चाल ओढतात. उमेदीत मीही तेच केलं. तुमच्या सीडीतले पाच जण मात्र पाच वेगळ्या गोष्टी वाजवतात. दोन ट्रम्पेट, एक फ्रेंच हॉर्न, एक ट्रॉम्बोन, एक ट्यूबा, हा ब्रास क्विंटेटचा, म्हणजे पाच पितळी वाद्यांच्या चमूचा, नेहमीचा संच. १९७० साली टोरंटोत सुरू झालेल्या ‘कॅनेडियन ब्रास’नं तो जगभर पोचवला.

पहिल्या खेपेला ट्रम्पेटकडे लक्षच देऊ नका, तो न सांगता ऐकू येतो. ट्यूबा धरा, संचातलं सगळ्यात मोठं, खालच्या स्वरांचं वाद्य. ढोल नाही म्हणता ना, ते काम तोच करतोय, शिवाय खालचा स्वरही भरतोय. दुसऱ्या खेपेला हॉर्न. त्याचं तोंड मागे वळलेलं आणि वादकाचा उजवा हात त्या तोंडात, त्यामुळे आवाज मागच्या भिंतीवर आपटून, मऊ होऊन येतो. मधली पोकळी तो भरतो. कुठे ट्रम्पेट एकदम दबका, नाकातून गुणगुणल्यासारखा वाटला तर समजा वाद्याच्या पुढच्या तोंडात म्यूट, म्हणजे आवाज दाबणारा बूच, खोचलाय. शब्द नसल्यावर पात्र बदललं हे अशाच युक्त्यांनी कळवावं लागतं.

‘द म्यूझिक मॅन’मधली गाणी त्यात असतील तर मजा आहे. १९५७ साली ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या नाटकगृहांत, आलेलं हे नाटक. एक भामटा आयोवातल्या गावाला पोरांच्या बँडची स्वप्नं विकतो, अशी गोष्ट. लिहिणारे मेरेडिथ विल्सन स्वतः सूझा या नामवंत अमेरिकन मार्च-रचनाकारांच्या बँडात बासरी वाजवलेले, म्हणजे आपल्याच बिरादरीतले. त्यातलं ‘सेव्हंटी-सिक्स ट्रॉम्बोन्स’ हे भामट्याचं धडाक्याचं मार्चगीत, आणि ‘गुडनाइट, माय समवन’ हे नायिकेचं हळवं गाणं. चाल एकच! फक्त मार्चची वॉल्ट्झ झाली, तीन मात्रांची. गायकांकडून ऐकताना शब्दांच्या नादात हे निसटतं. नुसत्या पितळेवर लागलीच पकडाल.

प्रश्न: मग आमची नाट्यपदं अशी का कुणी वाजवत नाही?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: वाजवतात, पण जपून निवडावी लागतात. ट्रम्पेटचा मधला पिस्टन दाबला की स्वर अर्धा उतरतो, पहिला दाबला की पूर्ण, तिसरा दाबला की दीड. मधल्या श्रुती फक्त ओठांनी काढायच्या. मींड आली की ट्रम्पेटवाला घामाघूम, ट्रॉम्बोनवाला मात्र नळी सरकवून खुशाल घसरतो. त्यातून बालगंधर्वांसारखं गाणं दर खेपेला नवी जागा घेणारं. पाच जणांपुढे कागद ठेवायचा तर त्यातली नेमकी कुठली जागा लिहायची? ब्रॉडवेच्या गाण्याला हा घोर नाही, तिथे स्वरलिपी आधीच लिहिलेली. माझं मत विचाराल तर तानबाजीची पदं सोडा, नांदी घ्या. ठाय लयीतली नांदी चार-पाच पितळी वाद्यांवर भारदस्त वाजते. तान मारायला जाल तर खडे खडखडल्यासारखं होईल.

प्रश्न: तुम्ही मागे ट्यूबाचं कौतुक केलंत, मला तो ऐकूच येत नाही.
– एक वाचक, सात रस्ता

उत्तर: मोबाईलवर ऐकता ना? त्याचा इवलासा स्पीकर खालचे स्वर गिळतो. बरे इयरफोन लावा, नाहीतर घरातल्या मोठ्या स्पीकरला जोडा. आणि पंखा बंद करा, निदान एक गाणं होईपर्यंत. मे महिना असेल तर सक्ती नाही.